पंधरा दिवसांची पॅसेंजर

व्यवहाराने बघितलं तर ती गाडी पुन्हा सुरू करण्यात काही अर्थ नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला शहाणपण शिकवायला नको. रेल्वेचा साहेब खोटं बोलला नाही, त्याच्या कारकुनाने खोटं लिहिलं नाही, आणि आमच्या गावचे लोक तर खोटं बोलतच नाहीत, म्हणून तर घात झाला.

माझं सासर नंदुरबार आणि नवापूरच्या मधे. गावापासून अर्ध्या कोसावर स्टेशन. स्टेशन म्हणजे काय, एक खोली, एक बाकडं, एक कडुनिंब आणि डोंगराकडचा एक कोकणी जमातीचा पोर्टर. माहेर नंदुरबारच्या पलीकडे दोन कोसांवर, प्रकाशा गावाच्या वाटेला. जमीन काळीभोर, विहिरीला बारमाही पाणी, आणि घरात माणूस एकच, माझे आबा. आई माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली. भाऊ नाही, बहीण नाही.

आई नसली की माहेर संपतं, असं लोक म्हणतात ते रडण्याच्या सुरात. माझं तसं हुकमाने संपलं. "घरमा बाईमाणूस नही, तठे सून कशी धाडू?" असं सासूबाईंनी एकदा सांगितलं, झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या साऱ्या सुना माहेरी झोके घ्यायला जायच्या आणि मी सासरच्या रिकाम्या गल्लीत शेण सारवत बसायची. माहेरवाशिणी आमच्याही गावात यायच्या, गाणी म्हणायच्या, पण त्या घरच्या लेकी आणि मी सून. मला कोणी झोक्यावर बोलावलं नाही. मीही गेले नाही. माझाही स्वभाव काही कमी नाही.

बरं, आबांनी इकडे यावं, तर त्यांची वेगळीच अडचण. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी पाणी पीत नाही. पाणी नाही म्हणजे जेवण नाही, चहा नाही, काही नाही. एक मूल झालं की सगळं मोकळं. बाकीच्यांच्या बाबतीत वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न असतो. माझ्या बाबतीत वर्षांमागून वर्षं गेली. आबा एकदा भर उन्हाळ्यात आले, ओट्यावर तासभर बसले, ओठ कोरडे पडलेले, आणि तसेच उठून गेले. सासूबाई म्हणाल्या, "येवढा कडक बाप कधी पाह्यना नही." त्यात कौतुक होतं की टोमणा, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मग वाट निघाली ती त्या पॅसेंजरमुळे. नवापूरला एक वैद्य होता, मूल होण्याची पुडी द्यायचा. दर अमावास्येला जाऊन महिन्याची पुडी आणायची. घरात मला नेण्याइतकी सवड कोणाला नव्हती. आमचे मालक शेतात, सासरे गुडघ्यांनी आडवे. अमावास्येला औत जुंपत नाहीत, तेव्हा आबा मोकळे. त्यांनी निरोप धाडला की मी नंदुरबारहून गाडीत बसून येतो, पोरीला स्टेशनावर चढवून द्या, संध्याकाळच्या गाडीने परत पोचवतो. सासूबाई कबूल झाल्या. नातवासाठी त्या कशालाही कबूल झाल्या असत्या.

गाडी सकाळी यायची. आबा दारात उभे असायचे, पांढरा फेटा, हातात फिरकीच्या झाकणाचा तांब्या. मी चढले की ते खिडकीची जागा मला द्यायचे. पुढचं स्टेशन गेलं की मी भाकरी सोडायची. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. पहिल्या वेळी मी घाबरत म्हटलं, "आबा, ही भाकरी माझ्या सासरच्या पिठाची आहे." त्यांनी भाकरी हातात घेतली. मग म्हणाले, "गाडी कोन्हं सासर नही नि कोन्हं माहेर नही. आठे खावामा काय दोष शे?" आणि तोडला तुकडा. असा त्यांनी स्वतःच नियमाला एक दरवाजा काढला आणि तो लाकडी बाकांच्या डब्यात उघडला. पाणी मात्र ते आपलंच आणायचे, आमच्या विहिरीचं. फिरकी उघडून आधी मला द्यायचे. "पी वं माय, तुन्हा माहेरनं पाणी शे." खरं सांगते, त्या पाण्यासाठी मी महिनाभर दिवस मोजायची. महिनाभर घरात माझ्याशी जे बोलणं व्हायचं ते मीठ टाकलं का, गाय सोडली का, एवढंच. गाडीत कोणीतरी मला विचारायचं, "तू जेवनी का बरी?"

वैद्याकडे आम्ही पाव घटका असू. बाकीचा दिवस नवापूरच्या स्टेशनात बसून काढायचा आणि परत यायचं. आम्ही कुठे जात नव्हतो, काही विकत नव्हतो, काही आणत नव्हतो, पुडीशिवाय. आणि पुडीचंही आता सांगून टाकते. तिसऱ्या वर्षापासून ती मी घेतच नव्हते. परसात राखेत टाकायची. मला कळून चुकलं होतं. पण आबांना सांगितलं नाही. ते दर वेळी वैद्याला खोदून खोदून विचारायचे, पथ्य काय, किती दिवस, आणि परतीच्या वाटेवर खुशीत असायचे. माझी आशा संपली होती, त्यांची शाबूत होती, आणि त्यांच्या आशेच्या तिकिटावर माझी गाडी चालत होती.

मग लढाई आली. लढाई कुठे विलायतेत, आणि बंद कोण पडलं तर आमची पॅसेंजर! फौजेचं सामान जायचं म्हणून लहान स्टेशनांवर थांबणारी गाडी काढून टाकली. मोठी गाडी चालू राहिली, नंदुरबारला थांबायची, नवापूरला थांबायची, आमच्यासमोरून धूळ उडवत जायची. तिच्या खिडक्यांकडे मी बघायचं सोडून दिलं.

मोटार होती की, असं कोणी म्हणेल. होती. मागे कोळशाची भट्टी बांधलेली, चढ आला की माणसं उतरून ढकलायची. नवापूरला जायचं तर विसरवाडीला उतरून दुसरी धरायची, आणि ती मिळेल याची देवालाही खात्री नाही. सुनेने रात्र बाहेर काढायची नाही, म्हणजे विषयच संपला. आणि मांडीला मांडी लावून बसलेल्या गावकऱ्यांत बाप-लेक भाकरी कशी सोडणार? वैद्य संपला, पुडी संपली, अमावास्या कोरड्या जायला लागल्या. चार वर्षांत आबा मला दोनदा दिसले, दोन्ही वेळा लग्नात, पुरुषांच्या पंगतीत. लांबून त्यांनी हात वर केला, मी पदर नीट केला. एवढीच भेट.

लढाई संपली आणि दोन पावसाळ्यांनी रेल्वेचा साहेब आला. लहान स्टेशनांवरची पॅसेंजर पुन्हा सुरू करणं व्यवहार्य आहे का, याची चौकशी करायला. व्यवहार्य हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पाटलांनी अर्ज करायचं ठरवलं. गावात लिहिणारे दोघेच, शाळेचे मास्तर आणि मराठी चौथी झालेली मी. मास्तर आजारी पडले, म्हणून पाटील आमच्या ओट्यावर येऊन सासऱ्यांना म्हणाले, सुनेला लिहू द्या. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पाटलांना नाही कोण म्हणणार?

मी लिहिला अर्ज. मिरची नंदुरबारच्या बाजारात न्यायला सोय होईल, लिहिलं. नवापूरच्या बाजाराला सोय होईल, लिहिलं. दवाखाना, शाळा, कोर्टकचेरी, सगळं लिहिलं. अक्षर असं काढलं की मास्तरांनी बघत राहावं. माझं कारण मात्र लिहिलं नाही. कसं लिहिणार? "बापाला लेकीबरोबर भाकरी खायची आहे, आणि ती फक्त तुमच्या डब्यात खाता येते", हे काय अर्जात लिहायचं असतं का? हसले असते सगळे. निदान तेव्हा मला तसं वाटलं. आज वाटतं, मोटारीला ज्याचं उत्तर देता आलं नसतं असं तेवढं एकच कारण माझ्यापाशी होतं आणि तेच मी गिळलं.

साहेब निंबाखाली खुर्चीवर बसला. शेजारी मराठी कारकून. अर्जातलं एकेक कारण वाचायचं आणि साहेबाने मान हलवून म्हणायचं, हे मोटारीने होईल. मिरची गाडीबैलाने जाते, माल मालगाडीत चढतो. दवाखान्याला मोटार लवकर पोचते. मग त्याने जमलेल्या लोकांना विचारायला सुरुवात केली, तुम्ही गाडी सुरू झाल्यावर कुठे जाल? पहिला म्हातारा म्हणाला, "मी कोठेच नही जास साहेब, तुमले दखाले उनू." दुसराही तसाच, नुसता साहेबाला बघायला आलेला. तिसऱ्याने सांगितलं, मला काय काम गावाबाहेर? मी बायकांत उभी राहून दात-ओठ खात होते. अरे, सांगा ना काहीतरी! सांगा की रोज सुरतेला जाईन! पण नाही. विचारलं ते खरं सांगायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

तरी साहेब भला माणूस. म्हणाला, पंधरा दिवस गाडी चालवून बघू. लहान स्टेशनांवर किती माणसं तिकीट काढून चढतात ते मोजू आणि मग ठरवू. केव्हापासून, तर पुढच्या पौर्णिमेपासून. पाटलांनी आनंदाने हात जोडले. पुढची पौर्णिमा भाद्रपदाची आहे आणि तिच्यानंतर पितरपाटा लागतो, म्हणजे पितृपक्ष, हे त्या गर्दीतल्या एकाही शहाण्याच्या तोंडातून निघालं नाही. माझ्याही नाही.

पहिल्या दिवशी सगळं गाव स्टेशनावर. इंजिनाला तोरण बांधलं, नारळ फोडला, ड्रायव्हरच्या कपाळाला कुंकू लावलं. मीही बायकांबरोबर गेले होते. डब्यांमधून नजर फिरवली, आबा नव्हते. त्यांना कळलं नसेल, म्हटलं. गाडी शिट्टी देऊन निघाली, लोकांनी खोबरं खाल्लं आणि समाधानाने घरी आले. चढलं कोणी नाही. मी पोर्टरला विचारलं तर त्याने दोन्ही हात हलवून दाखवले.

आणि त्यानंतर पितरपाटा. त्या पंधरवड्यात आमच्याकडे कोणी नवं काम काढत नाही, बाजारहाट टाळतात, दूरच्या वाटेला निघत नाहीत. रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी पान वाढलेलं, कावळ्यांना हाका. आधी पितर, मग गाडी. पाटील स्वतः म्हणाले, गाडी आता आलीच आहे, घटस्थापनेनंतर जाऊ सगळे. मोजणी चालली आहे याचा कोणाला पत्ताच नाही असं नव्हतं. पण मोजणारा थोडी कळ काढील, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. घरच्या माणसाबद्दल धरतात तसं.

अमावास्येच्या पहाटे मी सासूबाईंना म्हटलं, आज नवापूरला जाऊ का? वैद्याकडे? त्या सोजी भाजत होत्या. म्हणाल्या, "सर्वपित्री अमावास्या शे. घरमा पानं वाढनी शेत. गाडी काय पळी जास का? सकाय जाय." उद्या जा म्हणे. आणि मी ऐकलं! आजवर मी कितीतरी वेळा उलट बोललेली बाई, त्या दिवशी ऐकलं. कारण मलाही वाटलं, आबा सर्वपित्रीला आईचं पान टाकून थोडेच निघतील? पुरणात हात होते तेव्हा शिट्टी ऐकू आली. नेहमीपेक्षा गाडी जरा जास्त थांबली असं वाटलं. मी पुरण वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी भाकरी-भरीत बांधून स्टेशनावर गेले. कोणी नाही. पोर्टर सिग्नलची तार ओढून बघत होता. मला बघून म्हणाला, "काल संपली गाडी, बाई. पंधरा दिवस झाले."

मग त्यानेच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून रोज एक म्हातारा त्या गाडीत असायचा. पांढरा फेटा, फिरकीचा तांब्या. नंदुरबारला बसायचा, नवापूरला जायचा, त्याच गाडीने परत. आपलं स्टेशन आलं की दारात उभा राहायचा, खाली उतरायचा नाही. पोर्टरने चौथ्या दिवशी विचारलं, गावात निरोप देऊ का? तर म्हणाला, नको, पितरपाटा आहे, सासू धाडणार नाही, उगीच पोरीचा जीव खालीवर होईल. माणसं मोजतात म्हणे, म्हणून मी येतो, एक डोकं तर एक डोकं. अमावास्येला ती येईलच.

"काल?" मी विचारलं.

काल त्याने गार्डाला हात जोडून गाडी थांबवून धरली, पोर्टर म्हणाला. गावाकडच्या पायवाटेकडे बघत होता. तांब्या भरलेलाच होता, रोज भरलेलाच परत न्यायचा. मग गार्डाने शिट्टी दिली.

मी त्या बाकड्यावर बसले. शरम वाटत होती आणि राग येत होता. सासूबाईंचा, पितरांचा, साहेबाचा, आणि सगळ्यांत जास्त माझा. साठी उलटलेला माणूस रोज दोन कोस चालत नंदुरबारला, रोज दोन कोस परत, आणि मी अर्ध्या कोसावर पुरण वाटत होते! आणि त्यातही अजून एक गोष्ट होती, ती पोर्टरच्याच बोलण्यातून माझ्या लक्षात आली. मोजायची होती ती लहान स्टेशनांवर चढणारी माणसं. आबा तिकीट काढायचे नंदुरबारला. त्यांचं डोकं रोज मोजलं गेलं ते नंदुरबारच्या खात्यात, जिथे त्याची कोणालाच गरज नव्हती. आमच्या स्टेशनाच्या नावापुढे पंधरा दिवस शून्यच राहिलं. ते एकदा खाली उतरून आमच्या खिडकीवर तिकीट काढते तर! पण त्यांना कोण सांगणार? ते मी आजतागायत कोणाला सांगितलं नाही. त्यांना तर नाहीच.

दिवाळीनंतर पत्र आलं. पाटलांनी ते वाचायला माझ्याच हातात दिलं. ओट्यावर माणसं जमलेली, मी पदर पुढे ओढून मोठ्याने वाचलं. प्रवाशांची संख्या आणि मोटारीची सोय लक्षात घेता सदर गाडी पुन्हा सुरू करणे व्यवहार्य नाही. लोकांनी ऐकलं, कोणी म्हणालं असू दे, कोणी म्हणालं मोटार आहेच. मी पत्राची घडी घालून परत दिली. माझ्या आवाजात काही फरक पडला नसावा, कारण कोणी वर बघितलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात, दुपारी, मोटार आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि आबा उतरले. मी अंगणात मिरच्या निवडत होते. ते हळूहळू चालत आले. पहिल्यांदा मला कळेना काय वेगळं दिसतंय. मग कळलं. हातात फिरकीचा तांब्या नव्हता.

ओट्यावर बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "पोरी, पाणी दे."

मी पायांवर घ्यायला बादली आणली. त्यांनी पाय धुतले, पंच्याने पुसले आणि माझ्याकडे न बघता पुन्हा म्हणाले, "धोवाले नही वं. पेवाले."

सासूबाई दारात आल्या होत्या, त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. माझ्या तोंडून निघालं, "आबा, अजून..."

"माले ठाऊक शे," ते म्हणाले. "आते कितला दिन वाट दखू, माय? गाडी बी नही."

इतकी वर्षं मला वाटायचं, हा हट्टी म्हातारा, रीत धरून बसलाय, लेकीचं घोटभर पाणी घेत नाही. त्या क्षणी मला उमगलं की ते पाणी पीत नव्हते तोवर या जगात एक माणूस असा होता की ज्याला वाटत होतं, माझ्या पोटी मूल होईल. राखेत पुड्या मी टाकल्या होत्या, पण जगत होते मी त्यांच्या त्या कोरड्या ओठांवर. मला ओरडून सांगावंसं वाटलं, नका पिऊ, उठा, तसेच तहानलेले परत जा. पण बाप उन्हातून आला होता.

मी रांजणातून तांब्या भरला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. ते घटाघटा प्यायले, सगळा. सासूबाई आत जाऊन पिठाचा डबा काढायला लागल्या, तो आवाज आम्ही दोघं ऐकत बसलो.

त्यानंतर आबा दर अमावास्येला यायचे. ओट्यावर बसून जेवायचे, पाणी मागून घ्यायचे, सासऱ्यांशी पिकाच्या गप्पा मारायचे आणि दिवे लागायच्या आत परतीची मोटार धरायचे. वैद्याचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. साहेबाचं म्हणणं बरोबरच होतं. मोटारीने सगळी सोय झाली.